वंगण घालणं आणि तेल बदलणं : धानाच्या चिखलातल्या गिअरपेटीचा इतिहास

टेबलावर ठेवलेली ही बाटली आधी बघून घ्या. मागच्या रांगेतल्यांना ती दूध जास्त झालेल्या कॉफीची वाटेल. आठ दिवसांपूर्वी भरली तेव्हा ती वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची होती. आता तळाशी दोन बोटं पाणी वेगळं झालंय. वर जे मातकट पिवळं उरलंय ते गिअर ऑईल आहे, किंवा एकेकाळी होतं. सिंदेवाहीजवळच्या एका गावातल्या जुन्या पॉवर टिलरच्या गिअरपेटीतून आम्ही ते काढलं. गावाचं आणि मालकाचं नाव सांगत नाही, यंत्राच्या कंपनीचंही नाही. कारण ही गोष्ट एका गावाची किंवा एका कंपनीची नाही. जिथे जिथे चिखलणी यंत्रानं होते तिथे तिथे ही बाटली भरता येईल.

व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका मित्रानं विचारलं, गिअर ऑईल बदलण्याला कसला आलाय इतिहास? पुस्तक वाचा, बोल्ट उघडा, जुनं सोडा, नवं भरा. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही त्या गोठ्यात उभे होतो तेव्हा जे बोलणं झालं, त्यात आम्हाला शंभर वर्षांचा इतिहास ऐकू आला. मालक म्हणाला, "तेल त जितलं होतं तितलंच आहे जी, उलटं वाढलं." सोबतचा मिस्त्री म्हणाला, "वाढलं ना भाऊ, तेच त वांधा आहे."

आज आम्ही बोलणार आहोत ते या दोन वाक्यांविषयी.

*

सुरुवात बंडीपासून करावी लागेल. आपल्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, आणि बंडीच्या चाकाला जे लावतात ते वंगण. काही जण ओंगण म्हणतात. लाकडी चाकाचा तुंबा आणि लोखंडी आख यांच्यामध्ये वंगण नसेल तर दोन गोष्टी होतात. चाक कुरकुरतं आणि बैलाला ओढायला जड जातं. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना वंगणाची नळी बंडीखाली लटकवलेली असायची. आत असायचं एरंडीचं किंवा जवसाचं तेल, नाही तर करंजीचं. मोहाच्या टोरीचं तेल घरात असेल तर तेही चालून जाई. चिंधीचा बोळा त्यात भिजवायचा, खीळ काढायची, चाक थोडं बाहेर ओढायचं, आखाला बोळा फिरवायचा, चाक परत आत. बारा वर्षांचं पोरगं हे काम करू शकत होतं, आणि करतही होतं.

या कामात तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, यंत्र स्वतः सांगत होतं की वंगण संपलं. कुरकुर सगळ्या गावाला ऐकू जायची, आणि न वंगवलेली बंडी घेऊन बाजाराला जाणाऱ्या माणसाला लोक हसायचे. दुसरी, वंगण फक्त घालायचं असतं. जुनं कुठे जातं याचा विचार करायची गरज नव्हती, ते आखाच्या टोकातून बाहेर ठिबकून धुळीत मिसळून जायचं. तिसरी गोष्ट, तेल घरचं होतं, नाही तर गावच्या तेलघाणीचं. ते विकत घ्यावं लागलं तरी त्याला नंबर नव्हता.

थोडं विषयांतर करतो. आपण ज्याला हलकं, गावठी म्हणून नाक मुरडतो त्या एरंडेलानं जगात फार मोठं काम केलंय. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या इंग्रजानं १८९९ मध्ये तेलाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये मोटारीच्या नव्या तेलाला नाव दिलं कॅस्ट्रॉल. कॅस्टर म्हणजे एरंडी, ते त्या तेलात घातलेलं असायचं म्हणून हे नाव. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावर चालायची, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. आणि त्या काळात एरंडी बाहेर पाठवणाऱ्या देशांत आपला देश मोठा होता. आपल्या बंडीच्या आखाचं तेल आकाशात गेलं ते असं. पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि एरंडेल पुन्हा औषधाच्या बाटलीत जाऊन बसलं.

*

आता ट्रॅक्टरकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर देशाला धान्य हवं होतं आणि सरकारनं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. कांस नावाच्या गवतानं व्यापलेल्या जमिनी नांगरून काढायचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी आणि जंगलतोडीच्या यंत्रांसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेनं १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्या बँकेनं भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी ते एक. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. पण ती मोठमोठी यंत्रं आली ती मुख्यतः उत्तरेकडच्या कांसाच्या प्रदेशात. धानाच्या बांधीत अशा यंत्राला काय काम? आपली बांधी लहान, चारी बाजूंनी धुरे, आत घोटाभर चिखल. कित्येक टनांचं यंत्र आत उतरवलं तर ते काढायला दुसरं यंत्र आणावं लागलं असतं.

मुंबईत १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. १९६५ मध्ये कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडला. हे मॉडेल मुळात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं. इथे एक गंमत सांगतो. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरनं अमेरिकेत १९४७ मध्ये लहान शेतकऱ्यासाठी फार्मॉल कब नावाचा छोटा ट्रॅक्टर काढला होता, आणि १९६० च्या सुमारास त्याचीच गिअरपेटी वापरून घरामागच्या बागेसाठी कब कॅडेट नावाचा आणखी छोटा ट्रॅक्टर. तिकडचे हौशी लोक आज ते साठ वर्षांचे बागेचे ट्रॅक्टर जपून ठेवतात, रंग देतात, त्यांचं गिअरचं तेल कोणतं आणि कधी बदलायचं यावर तासन् तास चर्चा करतात. त्यांच्यासाठी तो छंद आहे. आपल्याकडे त्याच आकाराचं, त्याच वयाचं यंत्र गोठ्यात उभं असतं आणि त्याच्यावर एका घराची रोवणी अवलंबून असते. छंद आणि गरज यांत तेल तेच, फक्त उशीर झाला तर होणारं नुकसान वेगळं.

धानाच्या प्रदेशाला जे यंत्र मानवलं ते दोन चाकांचं. त्याचा प्रवास मोठा मजेदार आहे. माती फिरत्या पात्यांनी भुसभुशीत करण्याची कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये अशी छोटी यंत्रं बनू लागली, १९२० च्या दशकात ती जपानला गेली आणि तिथल्या भातशेतकऱ्यांनी, गावोगावच्या लोहारांनी त्यांना चिखलात चालण्याजोगं करून घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या खेड्यांत बैलाची जागा याच यंत्रानं घेतली. आपल्याकडे १९५३ मध्ये भातलागवडीच्या जपानी पद्धतीची देशभर मोहीम निघाली, पण ती होती रोपं ओळीत लावण्याची, खताची, कोळपण्याची. यंत्रं आली साठच्या दशकात. महाराष्ट्रात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोपोलीला जपानी तज्ज्ञांचं भातशेतीचं केंद्र होतं. बंगळूरला १९६७ मध्ये व्हीएसटी कंपनी मित्सुबिशीच्या सहकार्यानं सुरू झाली, केरळात १९७३ मध्ये कॅमको कुबोटाच्या सहकार्यानं. आज पूर्व विदर्भात जे टिलर दिसतात त्यांची वंशावळ बहुतेक या दोन घरांकडे जाते.

सिंदेवाहीचं नाव भाताच्या इतिहासात आहेच. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं इथलं संशोधन केंद्र, त्याच्या नावाचे धानाचे वाण. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं एचएमटी धानही याच केंद्राशी जोडलेलं आहे. दादाजींनी १९८० च्या दशकात आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या जपल्या, आणि त्या वेळी लोकांच्या मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचं नाव त्या धानाला पडलं. विद्यापीठानं १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. आमच्या विषयाशी याचा संबंध एवढाच, की तीच एचएमटी कंपनी १९७१ पासून पिंजोरला झेटर पद्धतीचे ट्रॅक्टरही बनवत होती. घड्याळ आणि ट्रॅक्टर एकाच घरचे. धानाला घड्याळाचं नाव मिळालं, ट्रॅक्टरचं नाही. त्या काळात ट्रॅक्टर इतका दुर्मीळ होता की १९७१ मध्ये सरकारला त्याच्या वाटपाचा आणि विक्रीचा नियंत्रण आदेश काढावा लागला. नंबर लावून वाट बघायची वस्तू. ज्याचं नाव शेतात कोणी घेत नव्हतं, त्याचं नाव धानाला कसं पडणार?

*

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. बंडी गेली, टिलर आला. वंगणाचं ज्ञान त्याच्यासोबत पुढे का आलं नाही?

आमचं मत असं आहे की ते पुढे आलं, आणि तोच घोटाळा झाला. लोकांनी गिअरपेटीला बंडीसारखंच वागवलं. बंडीला वंगण घालायचं असतं, गिअरपेटीचं तेल बदलायचं असतं. ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. आजही बहुतेक शेतकरी "ऑईल बदललं का?" या प्रश्नाला "टाकलं ना" असं उत्तर देतात. टाकलं म्हणजे वरून भर घातली. इंजिनाचं तेल काळं पडतं, कमी होतं, ते बदलायचं हे लोकांना मोटारसायकलीमुळे ठाऊक झालंय. पण गिअरपेटी बंद. तिच्यातलं तेल जळत नाही, फारसं कमीही होत नाही. ती कुरकुरत नाही. आणि ज्या दिवशी कुरकुरते, त्या दिवशी वंगण घालून उपयोग नसतो, बेअरिंग गेलेलं असतं.

त्यातून आपला चिखल. टिलरची गिअरपेटी मधोमध असते, तिच्यातून दोन्ही बाजूंना चाकांचे आख बाहेर येतात. आख जिथून बाहेर येतो तिथे रबराची गोल सील असते, तेल आत आणि पाणी बाहेर राहावं म्हणून. चिखलणीच्या वेळी रबरी टायर काढून लोखंडी जाळीची चाकं लावतात आणि हे सगळं प्रकरण दिवसभर चिखलपाण्यात बुडून फिरतं. वाळूचा कण सीलच्या ओठात बसला की ओठ झिजतो. सुतळी, पऱ्ह्यांची मुळं, तणाची दोरी आखाभोवती गुंडाळली जाते आणि सीलला बाहेरून कापते.

पण याहून मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते आम्हाला त्या मिस्त्रीनं समजावलं. काम करताना गिअरपेटी तापते. आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वरच्या बाजूला एक बारीक श्वासनळी असते. जेवायच्या सुट्टीत टिलर बांधीतल्या पाण्यातच उभा करून माणूस धुऱ्यावर येतो. गरम पेटी थंड पाण्यात निवते, आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढते. श्वासनळी मोकळी असेल तर हवा येते. ती चिखलानं बुजलेली असेल तर पेटी जिथून मिळेल तिथून ओढते, म्हणजे पाण्यात बुडालेल्या सीलमधून. दर दुपारी एक घोट. महिनाभराची चिखलणी धरली तर हिशेब तुम्हीच करा.

आत गेलेलं पाणी तेलात घुसळलं जातं आणि लोण्यासारखा फेस होतो, या बाटलीतला रंग त्याचाच. पातळी वाढते. मालक झाकण उघडून काडी बुडवून बघतो, तेल काठोकाठ. त्याला समाधान वाटतं. बंडीच्या हिशेबानं त्याचं चुकत नाहीच, भरलेलं आहे म्हणजे घालायची गरज नाही. वाढलेली पातळी ही आजाराची खूण आहे हे कळायला मुळात तेल वाढू शकत नाही हे माहीत हवं. म्हणून तो मिस्त्री म्हणाला, वाढलं तोच वांधा.

*

तेलाबद्दल थोडं, कारण दुकानात गेल्यावर गोंधळ तिथे होतो. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांची संस्था, एसएई, १९०५ मध्ये स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिनं तेलाच्या दाटपणाला क्रमांक देण्याची पद्धत काढली. तेच आपले ३०, ४०, ९० नंबर. पुष्कळांना वाटतं की गिअरचं ९० नंबर म्हणजे इंजिनाच्या ४० नंबरच्या दुप्पट दाट. तसं नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, गिअरचं ९० हे साधारण इंजिनाच्या ४०-५० च्या जवळपास बसतं. म्हणजे दाटपणा हा खरा फरक नाहीच. फरक आत घातलेल्या द्रव्यांचा आहे. गिअरचे दात एकमेकांवर घासत, प्रचंड दाबानं सरकतात. त्या दाबाखाली नुसतं तेल बाजूला ढकललं जातं आणि लोखंड लोखंडाला भिडतं. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मोटारींत नव्या आकाराचे गिअर आले तेव्हा ही अडचण फारच वाढली, आणि मग गंधक, शिसं, पुढे फॉस्फरस यांची संयुगं तेलात घालायला सुरुवात झाली. ती गरम दातांवर पातळ थर धरतात. गिअर ऑईलला जो उग्र वास येतो तो या गंधकाचा. काही वर्षं स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेलही यासाठी वापरलं जात होतं. १९७० मध्ये अमेरिकेनं त्या माशाला संकटग्रस्त यादीत टाकलं तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला.

हे द्रव्य जास्त झालं तर चांगलंच, असं मात्र नाही. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ लिहिलेलं असतं. पाच म्हणजे चारपेक्षा भारी, म्हणून दुकानदार पाच देतो. पण ज्या गिअरपेटीत पितळेचे किंवा काशाचे बुश आहेत तिथे जीएल-५ मधलं तीव्र गंधक त्या धातूला हळूहळू खाऊ शकतं. जुन्या यंत्राच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्यावं. पुस्तक हरवलं असेल तर जुन्या मिस्त्रीला विचारावं, जाहिरातीला विचारू नये.

आपल्या देशात हे तेल आलं कुठून, तेही बघू. आधी एस्सो, बर्मा-शेल, कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांचे डबे. ट्रॉम्ब्याला पन्नासच्या दशकात रिफायनरी आल्या, पण वंगणाच्या मूळ तेलासाठी आयातीवर बराच काळ भिस्त होती. इंडियन ऑईलनं १९७२ मध्ये सर्वो बाजारात आणलं. १९७३ चा तेलाचा भडका उडाला, १९७४ मध्ये एस्सो आणि ल्यूब इंडिया मिळून हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारकडे आलं. म्हणजे नेमका जेव्हा टिलर आणि ट्रॅक्टर खेड्यांत पोचत होते, तेव्हाच तेल महाग झालं होतं. त्या पिढीनं तेल वाचवायची सवय लावून घेतली, आणि ती पुढच्या पिढीला दिली. जुनं तेल काढून टाकणं म्हणजे पैसे मातीत ओतणं, ही भावना तिथून आली असावी असं आम्हाला वाटतं. आम्ही ती चेष्टेची गोष्ट मानत नाही. ज्यानं एरंडी स्वतः घाण्यावर नेली त्याला तेलाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळत होती.

*

आता त्या गोठ्यात काय केलं ते सांगतो. टिलर तीस वर्षांच्या आसपासचा, या घरानं तो दुसऱ्याकडून घेतलेला. गिअरपेटीचं तेल शेवटचं कधी बदललं? मालक हसला. त्याच्या हाती आल्यापासून नाही.

मिस्त्रीनं पहिलं काम केलं ते वरचं भरायचं झाकण उघडण्याचं. तळाचा बोल्ट नंतर. आम्ही कारण विचारलं तर म्हणाला, खालचं आधी उघडून तेल सांडून टाकलं आणि मग वरचं झाकण गंजून बसलेलं निघालं, तर यंत्र रिकामं उभं राहतं. किती साधी गोष्ट! पण पुस्तकात आम्हाला ती सापडली नव्हती. मग त्यानं झाकणातून काडीनं दोन थेंब काढले आणि चुलीवरच्या तापलेल्या तव्याच्या काठावर टाकले. तडतड आवाज झाला. शुद्ध तेल तव्यावर धूर देतं, तडतडत नाही. तडतडतं ते पाणी. घरातली म्हातारी म्हणाली, फोडणीत ओला कढीपत्ता टाकल्यावानी. प्रयोगशाळेतही पाणी ओळखायची पहिली चाचणी हीच असते, फक्त तिथे तव्याऐवजी तापवलेली धातूची प्लेट असते.

मग टिलर दहा मिनिटं चालवला, भार न देता. तेल गरम झालं की पातळ होतं आणि तळाची घाण त्याच्यासोबत निघून येते. थंड तेल सोडलं तर दाट गाळ तळाशी तसाच बसून राहतो. खाली पसरट घमेलं ठेवलं, तळाचा बोल्ट सैल केला. आधी काय आलं माहीत आहे? अर्धी वाटी स्वच्छ पाणी. यंत्र बरेच दिवस उभं होतं, एका कोपऱ्यात वेगळं झालेलं पाणी घुसळलंच गेलं नव्हतं. त्यामागून हे कॉफीच्या रंगाचं. बोल्टाला चुंबक होतं, त्याच्यावर करड्या रंगाचं मऊ लोणी चिकटलेलं. मिस्त्रीनं ते बोटांत चोळलं. मऊ असेल तर ठीक, ती रोजची झीज. टोचलं तर दाताचा किंवा बेअरिंगचा तुकडा. मऊच होतं, एक बारीक कण सोडून. तो कण त्यानं उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि काही न बोलता खिशात ठेवला.

धुण्यावरून थोडा वाद झाला. मालकाचं म्हणणं डिझेलनं धुवावं, सगळे तसंच करतात. मिस्त्रीचं म्हणणं, डिझेल कोपऱ्यात राहतं आणि नव्या तेलाला पातळ करतं. शेवटी नव्यातलंच थोडं तेल घालून दहा मिनिटं यंत्र फिरवलं आणि तेही काढून टाकलं. मालकाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. नवं तेल, दहा मिनिटांत बाहेर! पण ते बाहेर आलं ते पुन्हा फिकट कॉफीच्याच रंगाचं, तेव्हा तो गप्प झाला.

श्वासनळी काढून बघितली तर आत कुंभारीण माशीनं घर केलेलं. तारेनं मोकळी केली. दोन्ही बाजूंच्या सील बदलल्या, डाव्या आखाभोवती गुंडाळलेली नायलॉनची दोरी कापून काढली. तळाच्या बोल्टाला नवी तांब्याची वायसर. मग तेल, वरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. जास्त भरलं तर गिअर ते ढवळतात, फेस होतो, गरमी वाढते आणि जास्तीचं तेल सीलमधून वाट काढतं. बंडीला वंगण जास्त झालं तर धुळीत ठिबकायचं. इथे तसं चालत नाही.

राहिलं घमेल्यातलं जुनं तेल. आमच्याकडे लाकडाला, गोठ्याच्या खांबांना, बांबूच्या टोकांना उधळी लागू नये म्हणून जळकं तेल फासतात. पूर्वी बिब्ब्याचं तेल फासायचे, ते हाताला लागलं तर फोड उठायचे. त्या मानानं हे बरं, असं लोक समजतात. पण या तेलात झिजलेले धातू असतात, इंजिनाच्या तेलात त्याहूनही वाईट काहीबाही. १९८९ च्या घातक कचऱ्याच्या नियमांपासून वापरलेलं तेल कायद्यानं घातक मानलं जातं. ते नाल्यात सोडलं तर पुढच्या बोडीवर जाऊन पसरतं. आणि हा प्रदेश बोड्यांचा आणि मालगुजारी तलावांचा आहे, एकाचं पाणी दुसऱ्यात उतरतं. मालकानं ते डब्यात भरून ठेवलं. जुनं तेल गोळा करणारा माणूस तालुक्याला येतो, त्याला देईन म्हणाला. दिलं की खांबाला फासलं, ते आम्ही विचारलं नाही.

*

कधी बदलावं, हा प्रश्न दर वेळी येतो. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत गिअरपेटीच्या तेलासाठी हजार तासांच्या आसपासचा आकडा दिसतो. तो कोरड्या जमिनीत काम करणाऱ्या, तासमापक चालू असलेल्या यंत्रासाठी ठीक आहे. तीस वर्षांच्या टिलरला तासमापक कुठला? आणि चिखलात बुडालेल्या यंत्राला तासांचा हिशेब लागूच पडत नाही, एका हंगामात त्याच्या पोटात जेवढं पाणी जातं तेवढं कोरडवाहूच्या यंत्रात जन्मभर जात नाही.

आपल्याकडे तासमापक नाही, पण पंचांग आहे. आषाढात चिखलणी सुरू होते, रोवणी श्रावणात आटोपत येते, आणि श्रावण अमावास्येला पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. बैलाचा खांदा जुवाखाली महिनाभर घासलेला असतो, तो हळद-लोणी लावून शेकायचा. हा सण चिखलणीनंतर येतो, आधी नाही, यात आमच्या पूर्वजांचा हिशेब पक्का दिसतो. झीज झाली की लगेच निगा. आता पुष्कळ घरी बैल नाहीत, पण पोळा आहे, आणि त्या दिवशी टिलर धुवून उभा केलेला दिसतो, कुणी त्याला हळदीकुंकवाची बोटंही लावतं. तो धुतात, पुसतात, हार घालतात, आणि पोटात पाणी घेऊन तो पुढच्या आषाढापर्यंत दहा महिने तसाच उभा राहतो. यंत्राला सगळ्यात जास्त इजा होते ती या उभ्या काळात. चालत्या यंत्रात पाणी निदान तेलात मिसळून फिरत असतं. उभ्या यंत्रात ते तळाशी बसतं, आणि ज्या बेअरिंगचा खालचा भाग त्या पाण्यात असतो तिथे गंजाची रेघ उठते. पुढच्या वर्षी तीच रेघ बेअरिंग खाते. उन्हाळ्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या छपराखाली पेटी दिवसा तापते आणि रात्री निवते, म्हणजे तिचा श्वास घेणं तेव्हाही चालूच.

त्या मालकाला आम्ही हे पंचांगाचं सांगितलं. तो म्हणाला, पोळ्याला पैसे कुठे असतात जी, रोवणीची मजुरी देऊन हात रिकामा असतो. खरं आहे. धान विकल्यावर, दिवाळीनंतर पैसा येतो. मग मिस्त्रीनं मध्यम मार्ग काढला. पोळ्याला फक्त तळाचा बोल्ट अर्धा सैल करायचा, थंड यंत्रावर, रात्रभर उभं राहिलेलं असताना. खाली बसलेलं पाणी आधी निघून येईल. तेल दिसायला लागलं की बोल्ट आवळायचा. गेलेल्याइतकंच नवं भरायचं, अर्धा लिटर, जे असेल ते. पूर्ण बदल दिवाळीनंतर. पुस्तकात हे नाही. कंपनीचा अभियंता याला मान्यता देईल का, सांगता येत नाही. पण बेअरिंग पाण्यात उभं राहण्यापेक्षा हे बरं, असं आम्हाला वाटतं.

आणि तो खिशातला कण. निघताना आम्ही मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, बेअरिंगच्या पिंजऱ्याचा असावा, पितळी दिसतो. म्हणजे पेटी उघडावी लागणार? या हंगामात नाही, म्हणाला. आवाज बदलला तर उघडू. मालकाला सांगितलं का? "सांगतो ना, धान निघू द्या आधी."

टिलर सध्या चालतोय. तीन एकरांची चिखलणी त्यानं परवा पूर्ण केली आणि जेवायच्या सुट्टीत तो आता धुऱ्यावर चढवून उभा करतात, पाण्यात नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. बाटली इथेच ठेवतो, ज्यांना जवळून बघायची असेल त्यांनी बघा. झाकण मात्र उघडू नका, वास दोन दिवस जात नाही.